चौरस टॉवर की लांबट इमारत : वीज कुठे कमी लागते?

उंबरठा
मंडळी, पुनर्विकासाच्या आराखड्यांवर हल्ली गल्लोगल्ली चर्चा चालू आहे, त्यावरून एक नेमका प्रश्न. हवा मुंबई-ठाण्याची. मजल्याचं क्षेत्रफळ ४०० चौ.मी., मजल्यावर चार घरं, ३० मजले, मजल्याची उंची ३ मीटर. एक आराखडा २० × २० चा चौरस, मधोमध लिफ्ट-जिना. दुसरा १० × ४० चा लांबट. चौरसाचा परीघ ८० मीटर, लांबटाचा १००. म्हणजे लांबटाला बाहेरची भिंत २५ टक्के जास्त, आणि बांधकामापासून एसीपर्यंत सगळंच त्या हिशेबाने जास्त. माझं मत चौरसाच्या बाजूने आहे. कुठे चुकतंय का?

तिरकस
बिल्डरला विचाराल तर तो सांगेल, "जो आकार जास्तीत जास्त एफएसआय खातो तो."

छज्जा६००
उंबरठा, परिघापर्यंत बरोबर आहे, पुढची उडी चुकली. चारही दिशांच्या भिंती सारखं ऊन खात नाहीत, आणि भिंत नि काच तर अजिबातच सारखी नाहीत.

इको निवास संहिता २०१८ मध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, यासाठी आरईटीव्ही नावाचा आकडा आहे. छप्पर सोडून बाकी बाह्यांगातून (बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून) दर चौ.मी.ला सरासरी किती वॅट उष्णता आत येते, तो. मर्यादा १५. सूत्राचे तीन भाग : भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी, आणि काचेतून थेट शिरणारं ऊन. उष्ण-दमट हवामानासाठी त्यांचे गुणक अनुक्रमे ५.१५, १.३१ आणि ६५.२१. तिसरा आकडा पुन्हा एकदा बघा, सगळी गोष्ट तिथे आहे. त्यावर दिशेचा गुणक लागतो : आपल्या अक्षांशाला उत्तर ०.६५९, दक्षिण ०.९६६, पूर्व आणि पश्चिम दोन्ही सुमारे १.१६.

आता तुमची उदाहरणं. भिंत २०० मिमी एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची), यू व्हॅल्यू ०.७६ (हा आकडा जितका मोठा तितकी उष्णता सहज आरपार). काच साधी एकेरी, यू ५.७, छज्जा धरून एसएचजीसी ०.६५ (म्हणजे पडलेल्या उन्हातला ६५ टक्के ताप आत). काच दोन्ही आराखड्यांत सारखीच, मजल्यामागे ४८ चौ.मी.

चौरस, खिडक्या चारही बाजूंना समान : मजल्यामागे सरासरी ३.०९ किलोवॅट उष्णता आत.
लांबट, लांब बाजू उत्तर-दक्षिण, टोकाच्या भिंती बिनखिडकीच्या : २.८२ किलोवॅट.
तोच लांबट आराखडा फिरवून लांब बाजू पूर्व-पश्चिम केल्या तर : ३.८२ किलोवॅट.

म्हणजे २५ टक्के जास्त भिंत असूनही लांबट जिंकू शकतो, किंवा त्याहून दणदणीत फरकाने हरू शकतो. नुसता नकाशा ९० अंशांनी फिरवायचा अवकाश.

आडवी_वीट
छज्जाभाऊ, गणित ठीक, पण एएसी ब्लॉक धरलात तिथेच गोम आहे. ३० मजली इमारत आज बहुतेक ठिकाणी मायव्हान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये ओततात. बाहेरची भिंत १५०-१६० मिमी सलग काँक्रीट. तिची यू व्हॅल्यू साडेतीनच्या पुढे जाते. २३० मिमी विटेच्या भिंतीला, दोन्हीकडून गिलावा धरून, ती २ च्या आसपास असते. म्हणजे आजोबांच्या विटेपेक्षाही ही भिंत उष्णतेला जास्त मोकळी. ३.६ धरून तुमचं गणित परत करा.

छज्जा६००
केलं. चौरस ५.८६ किलोवॅट, उत्तर-दक्षिण लांबट ६.१२. निकाल उलटला! भिंतच गळकी असली की जास्तीचा परीघ अंगाशी येतो. भिंत चांगली असेल तर परिघाला फारशी किंमत मोजावी लागत नाही, खेळ फक्त काचेच्या दिशेचा उरतो.

झरोका
इथे आरईटीव्हीची एक खोड सांगायला हवी, कारण ती सल्लागारांच्या अहवालात कधी दिसत नाही. हा आकडा बाह्यांगाच्या क्षेत्रफळाने भागलेला असतो. वरच्याच तीन आराखड्यांचा (एएसी भिंतीसह) आरईटीव्ही काढून पाहा. चौरस १२.९. पूर्व-पश्चिम तोंडाचा लांबट १२.७. म्हणजे संहितेच्या लेखी हा लांबट चौरसापेक्षा चांगला. प्रत्यक्षात मजल्यामागे उष्णता ३.८२ विरुद्ध ३.०९, तब्बल २४ टक्के जास्त!

भिंत वाढवा, भागाकार लहान होतो. इमारतीला खाचा, कोपरे, पंख, इलेव्हेशनच्या बिनखिडकीच्या शोभेच्या भिंती जोडत गेलात की आकडा सुधारतो आणि घर तेवढंच किंवा जास्त तापतं. दोन वेगळ्या आकारांची तुलना करताना आरईटीव्ही गुणिले बाह्यांगाचं क्षेत्रफळ भागिले चटई क्षेत्र, असं करून बघायचं. नुसता आरईटीव्ही एकाच आकारातल्या दोन भिंतींची किंवा दोन काचांची तुलना करायला ठीक.

उंबरठा
हे माहीत नव्हतं. म्हणजे "संहितेत पास" यावरून आकाराबद्दल काहीच कळत नाही?

झरोका
आकाराबद्दल नाही. भिंत-काचेबद्दल कळतं.

सळई
तुम्ही सगळे उन्हात रमलात, वाऱ्याचं काय? १० मीटर रुंद आणि ९० मीटर उंच म्हणजे ९ चं गुणोत्तर. उभी केलेली पट्टीच ती. ५० मीटरच्या वर आयएस १६७०० हे उंच काँक्रीट इमारतींचं मानक लागू होतं, आणि त्यात हे गुणोत्तर, वाऱ्याने होणारं डुलणं, मजल्यामजल्यातलं सरकणं, सगळं तपासावं लागतं. ४० मीटरच्या बाजूवर वारा थडकणार आणि तो अडवायला खोली फक्त १० मीटर. शिअर वॉल (आडवा जोर पेलणारी काँक्रीटची भिंत) जाड, सळई जास्त, पायाही मोठा.

उंचीचा हा दंड गगनचुंबी इमारतींचे अभियंते फझलूर खान यांनी साठच्या दशकातच मांडला होता. गुरुत्वाकर्षणासाठी लागणारं साहित्य मजल्यांबरोबर बेताने वाढतं, वाऱ्यासाठी लागणारं फार वेगाने. ओपीसी, म्हणजे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या एका किलोमागे साधारण ०.८ ते ०.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. एसीतून वाचवलेला कार्बन तुम्ही पहिल्याच दिवशी पायात ओतून बसाल.

पंपखाना
सळईसाहेबांना अनुमोदन. पण धाग्यात आतापर्यंत फक्त एसी, एसी आणि एसी. सोसायटीचं कॉमन मीटर कुणी बघितलंय का?

पाणी घ्या. १२० घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज ८१ हजार लिटर. सगळं ९५ मीटरवरच्या गच्चीच्या टाकीत चढवायला नुसतं भौतिकशास्त्र २१ युनिट मागतं. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली तर ४२ युनिट रोज, वर्षाला १५ हजारांच्या वर. आणि वर नेलेल्या त्या पाण्याचं होतं काय? खालच्या मजल्यांवर ९ बारचा दाब येतो, नळ नि गीझर फुटू नयेत म्हणून प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह बसवून तो मारून टाकायचा. वीज जाळून दाब कमवायचा आणि व्हॉल्व्हमध्ये गमवायचा.

उपाय जुनाच आहे. ५० मीटरच्या आसपास मधली टाकी, बहुतेकदा रेफ्यूज (आगीत आसरा घ्यायच्या) मजल्यालगत. खालच्या निम्म्या घरांचं पाणी तिथपर्यंतच चढवायचं. रोजचे ४२ युनिट ३२ वर येतात. गोम अशी की मधली टाकी म्हणजे जागा गेली, तिथला स्लॅब जड झाला, म्हणून आराखड्यातून ती पहिली उडते. नंतर बसवता येत नाही.

दुसरी चूक पंपाच्या निवडीत. हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, "असू दे थोडं जास्त" म्हणून १३० मीटरचा पंप ९५ मीटरला लावतात. मग तो त्याच्या हेड-प्रवाह वक्राच्या उजव्या टोकाला, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त प्रवाहाला चालतो, ॲम्पिअर जास्त खातो, कार्यक्षमता ४० च्या खाली जाते, आणि प्लंबर डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धा बंद करून "सेटिंग केलं" म्हणतो.

तिरकस
"सेटिंग केलं" हा महाराष्ट्रातला सर्वात महाग वाक्प्रचार आहे.

डक्टटेप
चौरसाचा खरा तोटा मधल्या लॉबीत आहे. २० मीटर खोल इमारतीच्या पोटात दिवसाढवळ्या अंधार. मजल्यावर चार दिवे, दिव्याला १० वॅट, ३० मजले, २४ तास : १०,५१२ युनिट वर्षाला. देशाच्या ग्रिडचा उत्सर्जन गुणक युनिटमागे ०.७१ ते ०.७३ किलो कार्बन डायऑक्साइडच्या घरात आहे, म्हणजे साडेसात टन निव्वळ लिफ्टची वाट बघायला. लॉबीच्या एका टोकाला १.२ मीटर रुंद खिडकी मिळाली तर यातलं निम्मं जातं. सेन्सर लावूनही जातं, पण मग एक्झॉस्टचा प्रश्न उरतो, खिडकीने तोही सुटतो.

आणि डक्टबद्दल. चौरसात खोलवरच्या बाथरूमना उजेड-वारा द्यायला खाच मारतात. पुढे त्याच खाचेत एसीची बाहेरची युनिटं टांगतात. खालच्या युनिटची गरम हवा वर चढते, वरचं युनिट तीच आत घेतं, त्याची आणखी गरम हवा त्याच्या वरचं. पंचविसाव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत ते युनिट बाहेरच्या हवेत नाही, भट्टीच्या धुराड्यात बसलेलं असतं. कंडेन्सरभोवतीची हवा जितकी गरम तितकं कॉम्प्रेसर जास्त वीज खातं, आणि फार झालं तर हाय प्रेशरवर ट्रिप होतं. हाँगकाँगच्या अधिक चिन्हाच्या आकाराच्या टॉवरांत हा प्रकार बराच अभ्यासला गेलाय. तिथे स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला खिडकी देण्याच्या गरजेतून त्या खोल खाचा आल्या.

टाळायचं तर खाचेचं तोंड तिच्या खोलीइतकं तरी रुंद ठेवायचं, युनिटं आतल्या भिंतींवर समोरासमोर न लावता बाहेरच्या कडेला लेजवर ठेवायची आणि ती झाकणारं लूव्हर (पट्ट्यांची जाळी) तिरप्या दाट पट्ट्यांचं घ्यायचं नाही. शोभेचं लूव्हर हवा परत युनिटकडेच फेकतं.

चाळकरी
थोडं अवांतर. सगळे ३० मजले गृहीत धरूनच बोलताय. केंब्रिजच्या लेस्ली मार्टिन आणि लायोनेल मार्च यांनी साठच्या दशकात दाखवून दिलं होतं की तेवढ्याच जमिनीवर तेवढंच बांधकाम टॉवरऐवजी चौकाभोवती मांडलं तर कितीतरी कमी उंचीत बसतं. आपल्याला हे नवं नाही. वाडा म्हणजे दुसरं काय? आणि चाळ? एकीकडे गॅलरी, दुसरीकडे खिडकी, आरपार वारा, भिंतीला गॅलरीची सावली. वरळीच्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन होत्या, त्यांच्या जागी पुनर्वसनाच्या ४० मजली इमारती आल्या.

लंडनच्या यूसीएल विद्यापीठाने शेकडो इमारतींच्या वीज-गॅसच्या नोंदी तपासल्या. कार्यालयांमध्ये ५ मजल्यांपासून २१ मजल्यांच्या वर जाताना चौ.मी.मागे वीज १३७ टक्के जास्त निघाली. उंचीचा दोष आकाराच्या माथी मारू नका.

झरोका
चाळकरी, तो आकडा ब्रिटनमधल्या कार्यालयांचा आहे. हवा थंड, वारं जोरात, इमारत दिवसभर चालू. मुंबईत उंचावर तेच वारं फायद्याचं ठरू शकतं. तो १३७ इथल्या घरांना चिकटवू नका.

चौकाचं म्हणाल तर मान्य, पण चौक मोठा हवा. मानखुर्द-गोवंडीकडच्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर आहे. नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड, तिथल्या क्षयरोगावर २०१८ मध्ये अभ्यासही झाला. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, दिवसभर दिवा आणि पंखा चालू. कमी उंची म्हणजे आपोआप कमी वीज, असं नाही.

चाळकरी
ते १३७ चं मागे घेतो. बाकी वाडा मागे घेणार नाही. :)

गच्चीवरचा
उंचीचा एक मुद्दा राहिला, गच्ची. ४०० चौ.मी.च्या गच्चीवर टाक्या, लिफ्टची खोली, पाइप, अग्निशमनाची जागा सोडून निम्मी मिळाली तरी नशीब. २०० चौ.मी.त २० किलोवॅटचं सोलर, रोज किलोवॅटमागे ४ युनिट धरून वर्षाला २९,२०० युनिट. १२० घरांत वाटले तर घरटी २४३. तीच गच्ची चार मजली, १६ घरांच्या इमारतीवर असेल तर घरटी १,८२५. एका छोट्या कुटुंबाची बरीचशी गरज तिथेच भागते. टॉवरचं सोलर कॉमन मीटरपुरतं, पंपखान्याचे पंप नि डक्टटेप यांचे दिवे भागवून झाले की संपलं.

उलट तापलेल्या गच्चीचा त्रास टॉवरमध्ये ३० पैकी एका मजल्याला, चार मजलीत चारपैकी एकाला. छपराला संहितेची मर्यादा यू १.२ आहे. १५० मिमी स्लॅबवर नुसता ब्रिकबॅट कोबा टाकून ती गाठता येत नाही, वर ४०-५० मिमी एक्सपीएस किंवा पीयू फोम (उष्णतारोधक थर) आणि पांढरी टाइल लागते. फोम वॉटरप्रूफिंगच्या वर टाकायचा, खाली टाकला की गळती शोधताना तो सगळा उखडावा लागतो.

आडवी_वीट
मला एक थंड पाण्याचा हंडा ओतायचा आहे. छज्जाभाऊंच्या चौरस आणि लांबटातला फरक ३.०९ वजा २.८२, म्हणजे २७० वॅट उष्णता. साडेतीन सीओपीच्या (एका वॅट विजेत साडेतीन वॅट उष्णता काढणाऱ्या) एसीने ती बाहेर काढायला ७७ वॅट वीज. चार घरांत वाटली तर घरटी २० वॅट. एवढं तर पंख्यात निघतं : साधा पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा २८.

याउलट मायव्हानची भिंत बदलून एएसी केली तर चौरसातच २.७७ किलोवॅट उष्णता कमी, म्हणजे एसी चालू असताना मजल्यामागे सुमारे ७९० वॅट वीज. आकारावर सहा महिने वाद घालायचे आणि भिंतीबद्दल ठेकेदाराने "सायकल टाइम सात दिवस" (सात दिवसांत एक मजला) म्हटलं की माना डोलवायच्या, याला काय म्हणावं! स्ट्रक्चरला मायव्हान हवंच असेल तर निदान पश्चिमेच्या भिंतीला आतून नको, बाहेरून इन्सुलेशन द्या. आतून दिलं की काँक्रीट दिवसभर तापतं, आणि स्लॅबची कड जिथे भिंतीला मिळते तिथून उष्णता आत येतच राहते.

छज्जा६००
वीटभाऊ, हंडा स्वीकारला. फक्त दोन गोष्टी. एक, घरटी २० वॅट हा चांगल्या दिशेच्या लांबटाचा फायदा झाला. चुकीच्या दिशेचा लांबट चौरसापेक्षा ७३० वॅट उष्णता जास्त घेतो, ते तुमच्या हंड्यात बसत नाही. दोन, एसी लावावाच लागू नये हा आकाराचा मोठा फायदा सूत्रात येतच नाही. एकाच बाजूला खिडकी असलेल्या खोलीत वारा खोलीच्या उंचीच्या दोन-अडीच पट आतपर्यंत पोहोचतो, २.८ मीटर उंचीला सहा-सात मीटर. आरपार असेल तर पाचपट, १४ मीटर. १० मीटर रुंद इमारतीत आरपार सहज, २० मीटरमध्ये अशक्य.

छज्ज्याचंही सांगून टाकतो. १.२ मीटर उंच खिडकीवर ६०० मिमी छज्जा. दक्षिणेला मार्च आणि सप्टेंबरमध्ये, दिवस-रात्र समान असतात तेव्हा, दुपारी सूर्य ७१ अंशांवर, पूर्ण सावली. डिसेंबरात साडेसत्तेचाळीस अंश, निम्म्याहून थोडी जास्त. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबईत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेलाही छज्जा हवाच. पण पश्चिमेला संध्याकाळी सूर्य ३० अंशांवर आला की तोच छज्जा ३५ सेंटिमीटर सावली देतो. म्हणजे शोभेचा. तिथे उभे पाखे (खिडकीच्या कडेच्या उभ्या पट्ट्या) किंवा बाहेरून सरकते शटर, नाहीतर खिडकीच नको. मी ०.६५ चारही बाजूंना सारखं धरलं, ते पश्चिमेला उदारच होतं.

सळई
आणि मुंबईत दुपारचा वारा येतो कुठून? पश्चिमेकडूनच.

छज्जा६००
तेच तर दुखणं आहे. ऊनही तिकडूनच, वाराही तिकडूनच. म्हणून पश्चिमेला काच कमी पण उघडणारी ठेवायची. संहितेत उष्ण-दमट हवेसाठी उघडणाऱ्या खिडकीचं क्षेत्रफळ चटईच्या १६.६६ टक्के लागतं. सरकत्या दोन पट्ट्यांची खिडकी निम्मीच उघडते, बिजागरीची ९० टक्के. त्याच भोकातून जवळपास दुप्पट वारा.

तिरकस
आणि ग्राहक म्हणतो, "पूर्वाभिमुखच पाहिजे." वास्तुशास्त्राने उत्तर-दक्षिण घरांचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं मायव्हाननेही केलं नसेल.

उंबरठा
मूळ प्रश्नाकडे परत येतो. १० × ४० सळईसाहेबांना चालत नाही, २० × २० मध्ये वारा नाही. मधलं काही घेतलं तर? १४ × २८.५, क्षेत्रफळ जवळपास तेवढंच, परीघ ८५. चार कोपऱ्यांत चार घरं, काच सगळी उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिमेला फक्त छोटे झरोके.

सळई
९० भागिले १४, सुमारे साडेसहा. हे जमतं. लिफ्टचा गाळा मधे ठेवून त्याच्या भिंती शिअर वॉल म्हणून वापरता येतील. खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर (पोडियमवर) खांब सरकवून त्यांचा भार पेलणारे ट्रान्सफर गर्डर मात्र घालू नका, पार्किंगच्या दोन गाड्यांसाठी दीड-दोन मीटर खोलीचं काँक्रीट जातं.

छज्जा६००
एएसी भिंतीने मजल्यामागे २.७१ किलोवॅट (झरोके धरलेले नाहीत). दोन्हींपेक्षा कमी. पण प्रामाणिकपणे सांगतो, २० × २० मध्येही सगळी काच उत्तर-दक्षिणेलाच घातली तरी २.७१ च येतं. फरक एवढाच की तिथे खिडकीपासून गाभ्यापर्यंतच्या खोल्या अंधाऱ्या नि कोंदट होतील, इथे होणार नाहीत.

पंपखाना
मधली टाकी लिहून घ्या आराखड्यात. आत्ताच.

डक्टटेप
आणि लॉबीला खिडकी. दक्षिणेला दोन घरांच्या मधे दीड मीटर सोडा.

उंबरठा
दोन्ही लिहिलं. शेवटचं एक. पश्चिमेला समुद्र दिसतो, तिकडे बिनखिडकीची भिंत म्हटलं की सदस्य ऐकणार नाहीत. किती काच दिली तर चालेल?

छज्जा६००
पश्चिमेला भिंतीच्या जागी काच आली की दर चौ.मी.ला ५३ वॅट वाढतात. मजल्यामागे ४ चौ.मी. दिलीत तर २.७१ चे २.९२. चालेल. ८ दिलीत तर ३.१४, म्हणजे तुमच्या पहिल्या चौरसाच्या पुढे गेलात. दोन घरांत दोन-दोन चौ.मी. वाटा, बाहेर उभा पाखा द्या.

तिरकस
दोन चौ.मी.त मावेल तेवढा समुद्र पुरे. नाहीतरी समोर चौरस टॉवर येणारच आहे.